कंपनीचं गाव कोणतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलाला कॉलेजात प्रवेश घ्यायचा असला की घरोघरी एक प्रश्न हमखास ऐकू येतो, 'डोमिसाईल काढलंय का?' डोमिसाईल म्हणजे अधिवासाचा दाखला. मग रेशनकार्ड, वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला अशी चळत बगलेत मारून तहसील कचेरीत खेटे सुरू होतात. माणूस कुठं जन्मला, कुठं वाढला, त्याची चूल कुठं पेटते हे कागदावर सिद्ध करावं लागतं. आणि यातलं काहीच त्यानं निवडलेलं नसतं. गाव आपल्याला मिळालेलं असतं, वडिलांच्या नावासारखं.

पण या जगात एक व्यक्ती अशी आहे, की ती जन्माला येण्याआधीच आपलं गाव निवडते. तिला रक्त नाही, मांस नाही, पण कायद्याच्या लेखी ती व्यक्तीच असते. ती जमीन विकत घेते, कर्ज काढते, कोर्टात दावा लावते. तिचं नाव कंपनी. ती कुठल्या देशाच्या कायद्याखाली जन्म घेणार, हे तिला जन्म देणारी माणसं ठरवतात. कारखाना एका देशात, गिऱ्हाईक दुसऱ्या देशात आणि जन्मदाखला तिसऱ्याच देशाचा, असंही चालतं.

मी कवी माणूस, शिक्षणानं बी.ए. जमाखर्चाशी माझा संबंध किराण्याच्या यादीपुरता. पण 'गाव कोणतं?' हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. माझं नाव ऐकून, आणि मग माझं मराठी ऐकून लोक तो पुन्हा एकदा विचारतात. त्यामुळे कंपनीला हा प्रश्न विचारला तर ती काय उत्तर देते, याचं मला कुतूहल वाटू लागलं. त्या कुतूहलापोटी जे वाचलं, ते आज आपल्यापुढे मांडतो.

सुरुवात मुंबईपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनशी व्यापार करणारी पेढी उभी केली. कापूस आणि अफू हा तिचा मुख्य माल. त्या पेढीत त्यांचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद नावाचे जैन व्यापारी आणि महंमद अली रोघे नावाचे कोकणी मुसलमान. पारशी, जैन आणि मुसलमान अशी तिघांची भागी. या पेढीचं गाव कोणतं, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसता. मालकांचं गाव तेच पेढीचं गाव. तारवं कँटनला गेली तरी पेढी मुंबईचीच. पेढी बुडाली तर धनको मालकाच्या दारात येऊन बसणार, घरावर आणि बायकोच्या दागिन्यांवर जप्ती येणार. नफा आपला, तसं कर्जही आपलं. त्यात भीती होती, पण एक सोयही होती. ज्याचं देणं लागतं तो माणूस कुठं भेटेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग आली आगगाडी. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट आणि जमशेटजी यांनी किती धडपड केली, हे आपण शाळेत शिकलो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, हेही शिकलो. पण ती गाडी चालवणारी 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे' ही कंपनी जन्मली कुठं, हे आपल्याला कुणी फारसं सांगितलं नाही. ती जन्मली लंडनला. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटनं खास कायदा करून तिला जन्म दिला. रूळ ठाण्यात, बोगदे बोरघाटात, मजूर आपले, आणि जन्मदाखला टेम्स नदीच्या काठचा.

असं का झालं? पहिलं कारण सरळ आहे. भांडवल लंडनमध्ये होतं आणि पैसेवाल्याला आपल्या ओळखीच्या कायद्याखालीच पैसा गुंतवायला आवडतं. दुसरं कारण असं, की १८४९ साली हिंदुस्थानात कंपनी नोंदवण्याचा कायदाच नव्हता. तो आला १८५० मध्ये, आणि भागधारकांची जबाबदारी मर्यादित करणारा कायदा आला १८५७ मध्ये. तिकडे उत्तरेत बंडाचा वणवा पेटला होता, त्याच वर्षी इकडे कंपनी मर्यादित झाली.

लंडनच्या या जन्मदाखल्याची किंमत इथल्या माणसानं मोजली. रेल्वे कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी मिळाली होती. कंपनीला तेवढा नफा झाला नाही, तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. म्हणजे सोलापूर-नगरच्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून लंडनच्या भागधारकाचं व्याज सुटणार. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ओहोटीचा जो हिशेब मांडला, त्यात रेल्वेच्या व्याजाचाही हिस्सा होता. ही रेल्वे सरकारच्या थेट व्यवस्थापनाखाली आली ती १ जुलै १९२५ रोजी, जन्मानंतर जवळजवळ ७६ वर्षांनी.

आता इंग्लंडकडे वळू. १७२० मध्ये 'साउथ सी' कंपनीचा फुगा फुटला, हजारो लोक देशोधडीला लागले आणि त्यानंतर शंभरेक वर्षं इंग्रजांनी कंपनी या प्रकाराकडे संशयानंच पाहिलं. पुढं कारखाने वाढले, भांडवलाची भूक वाढली. १८४४ मध्ये नोंदणीचा कायदा झाला, १८५५ मध्ये मर्यादित जबाबदारीचा, आणि १८५६ च्या कायद्यानं तर सात माणसांनी एका कागदावर सह्या केल्या की कंपनी तयार. राजाची सनद नको, पार्लमेंटचा खास कायदा नको.

याच वेळी फ्रान्समध्ये मोठी कंपनी काढायची तर सरकारची परवानगी लागत असे, आणि ती मिळवता मिळवता जोडे झिजत. तेव्हा काही फ्रेंच उद्योजकांनी खाडी ओलांडली आणि लंडनला जाऊन कंपन्या नोंदवल्या. धंदा फ्रान्सचा, कंपनी इंग्रजी. १८६२ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या कंपन्यांना मान्यता देणारा तह केला, तेव्हा तर हा दरवाजा सताड उघडा झाला. आपले लोक असे शेजारच्या दारात जाऊ लागलेले पाहून फ्रान्सनं आपला कायदा सैल केला. १८६७ मध्ये परवानगीची अट गेली. देशादेशांत कंपन्यांसाठी चढाओढ लागते, तिचा हा एक जुना दाखला. आपला कायदा बदलावा म्हणून मोर्चे निघाले नव्हते. व्यापाऱ्यांनी फक्त पत्ता बदलला आणि कायदा बदलला.

कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती आहे, यावर पक्कं शिक्कामोर्तब झालं ते मात्र एका जोडेवाल्याच्या खटल्यात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात आरोन सॉलोमन नावाचा चामड्याच्या बुटांचा कारखानदार होता. त्यानं १८९२ मध्ये आपल्याच धंद्याची कंपनी केली. २०,००७ शेअर, त्यातले २०,००१ त्याचे आणि उरलेले सहा बायको, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक. धंदा बसला. धनको म्हणाले, ही कसली कंपनी, हा तर सॉलोमनच आहे, याच्याकडून पैसे वसूल करा. खालच्या कोर्टांनी धनकोंचं ऐकलं. पण नोव्हेंबर १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल फिरवला. कायद्याप्रमाणे नोंदणी झाली आहे ना? मग सॉलोमन वेगळा आणि सॉलोमनची कंपनी वेगळी. जगातल्या प्रत्येक लहानमोठ्या कंपनीचा मालक आज ज्या भिंतीआड निवांत झोपतो, तिची वीट या जोडेवाल्याच्या खटल्यात पक्की झाली. आणि ती भिंत कुठल्या देशात बांधायची हे तुम्हाला ठरवता येत असेल, तर काय काय करता येईल, याचा विचार करायला अमेरिकेतले वकील बसलेच होते.

अमेरिकेत कंपनी नोंदवते ती राज्य. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बड्या कंपन्यांविरुद्ध लोकांचा राग धुमसत होता. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलनं देशभरातल्या तेल कंपन्या एका विश्वस्त मंडळाच्या मुठीत आणल्या होत्या. १८९२ मध्ये ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हे चालणार नाही. पण तोवर न्यू जर्सी राज्यानं वेगळाच बेत केला होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कायद्यात एक साधं दिसणारं कलम आलं. एका कंपनीला दुसऱ्या कंपनीचे शेअर बाळगता येतील, असं ते कलम. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही. तेव्हा इतर राज्यांत ही मुभा सहसा नव्हती. विश्वस्त मंडळ बेकायदा ठरलं तर ठरो. एक आईकंपनी काढा आणि बाकीच्या साऱ्या तिच्या लेकी करा. जेम्स डिल नावाच्या वकिलानं ही शक्कल पुढं रेटली. १८९६ मध्ये कायदा आणखी मोकळा झाला. १८९९ मध्ये स्टँडर्ड ऑइल न्यू जर्सीची झाली, १९०१ मध्ये १४० कोटी डॉलर भांडवलाची यू.एस. स्टील तिथंच जन्मली. कंपन्यांना पत्ता पुरवणं हाच एक धंदा झाला. राज्याची तिजोरी नोंदणीच्या फीनं फुगली.

बाकी राज्यं चिडली. लिंकन स्टेफन्स या पत्रकारानं १९०५ मध्ये लेख लिहून न्यू जर्सीला सरळ 'फितूर राज्य' म्हटलं. मग तिथं गव्हर्नर झाले वुड्रो विल्सन. राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला वॉशिंग्टनला जाण्यापूर्वी, १९१३ च्या फेब्रुवारीत, त्यांनी सात कायद्यांवर सही केली. लोकांनी त्यांना नाव दिलं 'सात बहिणी'. आईकंपनीच्या सवलती आवळल्या गेल्या. तुम्हाला वाटेल, बडे उद्योगपती सरळ झाले. ते सरळ झाले खरे, पण सरळ चालत गेले ते शेजारच्या डेलावेअरला.

डेलावेअर हे राज्य आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही लहान. त्यानं न्यू जर्सीचा कायदा जवळजवळ तसाच उचलून १८९९ मध्येच आपला कायदा करून ठेवला होता. पाट मांडून ते वाट बघत बसलं होतं. न्यू जर्सीनं १९१७ मध्ये आपले कडक कायदे बव्हंशी मागे घेतले, पण गेलेली लक्ष्मी परतली नाही. डेलावेअरची कमाई मात्र केवळ स्वस्ताईची नव्हती. तिथं १७९२ पासून चॅन्सरी कोर्ट आहे. त्यात ज्युरी नाही, आणि कंपनीच्या तंट्यांत मुरलेले न्यायाधीश लेखी, कारणांसह निकाल देतात. शंभर वर्षांत निकालांचा एवढा साठा झाला, की आपल्या भांडणाचा निकाल साधारण काय लागेल याचा अंदाज वकिलाला घरबसल्या येतो. व्यापाऱ्याला करसवलतीइतकीच ही खात्री मोलाची वाटते. आज तिथं नोंदलेल्या कंपन्यांची आणि तत्सम संस्थांची संख्या वीस लाखांवर आहे, म्हणजे राज्यातल्या माणसांपेक्षा जास्त. विल्मिंग्टन शहरात नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवर एक बैठी इमारत आहे. २०१२ च्या सुमारास त्या एका पत्त्यावर २,८५,००० कंपन्या राहत होत्या. 'राहत होत्या' म्हणजे त्यांची पत्रं तिथं येत होती.

पण सगळ्यांनाच असं हवं ते गाव घेता आलं, असंही नाही. इंग्लंडच्या न्यायाधीशांनी एक उलटा प्रश्न विचारला. डी बिअर्स ही हिऱ्यांची कंपनी दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला नोंदलेली. खाणी तिथं, मुख्य कचेरी तिथं. ती म्हणाली, आम्ही इंग्लंडचा आयकर का भरायचा? १९०६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं उत्तर दिलं, की तुमचे बरेचसे संचालक लंडनमध्ये राहतात, मोठे निर्णय लंडनच्या बैठकीत होतात, तेव्हा करापुरत्या तुम्ही इथल्याच. कंपनीचा जन्म कुठंही होवो, तिचं डोकं कुठं चालतं ते बघा. ही कसोटी जगभर गेली. आपल्याकडेही २०१५ च्या वित्त कायद्यानं ती आणली आणि २०१६-१७ या आर्थिक वर्षापासून लागू केली. कागदावर कंपनी परदेशी असली तरी तिचे खरे निर्णय भारतात बसून घेतले जात असतील, तर ती भारतातली करदाती ठरू शकते. वर्षाला ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना २०१७ च्या परिपत्रकानं यातून वगळलं आहे, एवढाच दिलासा.

आता आपल्या जवळच्या, म्हणजे समुद्रापलीकडल्या गावाकडे येऊ. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात 'आप्रवासी घाट' नावाची जागा आहे. २००६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. १८३४ पासून जवळजवळ पाच लाख करारबंद मजूर हिंदुस्थानातून त्या बेटावर उतरले. त्यांत बिहारचे होते, तामीळ होते, आणि आमच्या कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेले मराठीही होते. त्या घाटाच्या पायऱ्या चढून ही माणसं उसाच्या मळ्यात गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही स्वतःला मराठी म्हणवतात आणि तिथं गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. घाटावरची ती मजुरांची छावणी उभी राहिली १८४९ मध्ये, म्हणजे लंडनला आपली रेल्वे कंपनी जन्मली त्याच वर्षी. एका वर्षात भांडवल इकडे यायला निघालं आणि माणसं तिकडे जायला.

पुढं त्याच पोर्ट लुईला दुसरी रीघ लागली. १९८२ मध्ये भारत आणि मॉरिशस यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर लावू नये, हा त्याचा हेतू. त्यात एक तरतूद होती. मॉरिशसच्या रहिवाशानं भारतीय कंपनीचे शेअर नफ्यानं विकले, तर त्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क मॉरिशसचा. आणि मॉरिशस तर अशा नफ्यावर कर लावतच नव्हतं. दुहेरी कर टाळता टाळता एकेरी करही टळला. १९९१ नंतर भारताचे दरवाजे उघडले, १९९२ मध्ये मॉरिशसनं बाहेरच्या कंपन्यांसाठी खास कायदा केला, आणि कित्येक वर्षं भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीत हे चिमुकलं बेट पहिल्या क्रमांकावर राहिलं. पैसा लंडनचा असो की न्यूयॉर्कचा, वाटेत पोर्ट लुईला पाणी पिऊन यायचा. आपल्याकडच्या काहींचा पैसा बाहेर फिरून त्याच वाटेनं परत येतो, असे आरोपही झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २००३ मध्ये न्यायालयानं करार उचलून धरला. करारात पळवाट असेल, तर ती बुजवणं सरकारचं काम आहे, असा त्याचा मथितार्थ. सरकारनं ते काम केलं १० मे २०१६ रोजी, आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांच्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क भारताकडे आला.

हचचं प्रकरणही आठवत असेल. छोट्या कुत्र्याची ती जाहिरात अजून पुष्कळांच्या डोळ्यांसमोर आहे. मुंबईत मुख्य कचेरी असलेली ती मोबाइल कंपनी २००७ मध्ये व्होडाफोनकडे गेली. व्यवहार सुमारे ११ अब्ज डॉलरचा. पण भारतात एकही शेअर विकला गेला नाही. विकला गेला केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर, आणि त्या शेअरामागे लेकी-नातींची रांग होती, तिच्या शेवटी आपले टॉवर आणि आपले ग्राहक. कर खात्यानं सुमारे ११ हजार कोटी रुपये मागितले. मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्ये खात्याची बाजू घेतली, जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीची. मग सरकारनं त्याच वर्षी कायदा बदलला, तोही मागल्या तारखेपासून. त्यावर जगभर ओरड झाली, २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात सरकार हरलं आणि २०२१ मध्ये ती मागल्या तारखेची आकारणी मागे घेण्यात आली. पळवाट शोधणाऱ्याचं नाव खराब होतं, तसं खेळ संपल्यावर नियम बदलणाऱ्याचंही होतं.

इथवर कराच्या गोष्टी झाल्या. करात पैसा बुडतो. पण कंपनीच्या गावाचा प्रश्न माणसांच्या जिवाशी कसा येऊन भिडतो, हे भोपाळनं दाखवलं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसं मेली. कारखाना युनियन कार्बाइड इंडिया या भारतीय कंपनीचा होता. तिचे ५०.९ टक्के शेअर न्यूयॉर्क राज्यात नोंदलेल्या अमेरिकी आईकंपनीचे. भारत सरकार अमेरिकेच्या कोर्टात गेलं. तिथं जे घडलं ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. आमची न्यायालयं असा खटला पेलू शकणार नाहीत, असं आपलं सरकार सांगत होतं, आणि भारताची न्यायव्यवस्था उत्तम आहे, असं अमेरिकी कंपनी पटवून देत होती. मे १९८६ मध्ये न्यायाधीश जॉन कीनन यांनी कंपनीचं ऐकलं. साक्षीदार, कागदपत्रं, पीडित सगळे भारतात आहेत, तेव्हा खटला तिथंच चालवा. खटला भारतात आला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. रक्कम वाढवून मिळावी म्हणून सरकारनं केलेली शेवटची याचिका सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

सॉलोमनच्या खटल्यातली ती भिंत इथं पुन्हा आठवते. आई वेगळी, लेक वेगळी. जोडेवाल्याला वाचवणारी भिंत भोपाळच्या बाईच्या वाटेत उभी राहिली. कंपनीचं गाव निवडताना त्या खोलीत मालक असतात, वकील असतात, हिशेबनीस असतात. ज्याच्या घराशेजारी कारखाना होणार, जो तिथं रात्रपाळी करणार, तो त्या खोलीत नसतो. आणि काही बिघडलं तर दार शोधत फिरायची पाळी त्याच्यावर येते.

आता थोडं घरचं सांगतो. माझे एक चाचा १९७० च्या दशकात आमच्या रत्नागिरीकडच्या गावातून आखातात गेले. शिवणकामात हात बसलेला. पुढं त्यांनी दुकान टाकलं. पण तिथल्या रीतीप्रमाणे परवाना स्थानिक माणसाच्या नावावर. कंपनी असेल तर १९८४ च्या अमिरातीच्या कायद्यानं निदान ५१ टक्के वाटा तिथल्या नागरिकाचा. चाचांच्या दुकानाचा कागदोपत्री मालक भला माणूस होता. वर्षाची ठरलेली रक्कम घ्यायचा, ईदला दोघं गळ्यात पडायचे. तो वारला. मुलांना तो परवाना चालवायचा नव्हता. वीस वर्षांचं दुकान महिन्याभरात बंद झालं. चाचांनी कुणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, 'शिलाई माझी होती, कापड दुसऱ्याचं.'

त्या दुबईचेही कायदे आता बदलले आहेत. १९८५ मध्ये जेबेल अलीचं मुक्त क्षेत्र सुरू झालं, तिथं परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळू लागली. २०२१ पासून बहुतेक धंद्यांत मुक्त क्षेत्राबाहेरही ती मुभा मिळाली. आणि जिथं कर नाही म्हणून लोक जात, तिथं १ जून २०२३ पासून कंपन्यांच्या ३,७५,००० दिरहमवरच्या नफ्यावर नऊ टक्के कर आला. म्हणजे आज ज्या कारणासाठी गाव निवडावं, ते कारण उद्या राहीलच असं नाही.

माझा भाचा पुण्यात संगणकाचं काम करतो. त्याला परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी कंपनी काढायची आहे. त्यानं फोन केला, 'मामू, सिंगापूर, डेलावेअर की दुबई?' मी म्हटलं, बाबा, हे तू हिशेबनीसाला विचार. परकीय चलनाच्या कायद्याखाली २०२२ मध्ये नवे नियम आले आहेत, तेही त्याला विचार. पण इतिहास वाचलेला मामू तुला चार प्रश्न देतो, ते आधी स्वतःला विचार. तुझं गिऱ्हाईक कुठं आहे? तुला पैसे देणारा कुठला कायदा ओळखतो? निर्णय तू कुठं बसून घेणार? आणि भांडण झालं तर त्या गावच्या कोर्टात उभं राहायला तिकिटाचे आणि वकिलाचे पैसे तुझ्याकडे आहेत का? कर कुठं कमी, हा प्रश्न या चारांच्या नंतरचा.

त्याच्या पिढीला हे कळू लागलं आहे, असं दिसतं. २०१० नंतरच्या दशकात आपल्या कितीतरी तरुण उद्योजकांनी गुंतवणूकदाराच्या आग्रहाखातर आईकंपनी सिंगापूरला किंवा डेलावेअरला नेली. धंदा बंगळुरूचा, दाखला तिकडचा. आता त्यातले काही परतत आहेत, कारण गिऱ्हाईक इथं, शेअर बाजारात उतरायचंय ते इथं. पण परतीचं तिकीट महाग असतं. फोनपे ही कंपनी २०२२ मध्ये सिंगापूरहून भारतात आली, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला. गाव सोडताना कुणी विचारत नाही. परत येताना मात्र वेशीवर जकात द्यावी लागते.

परदेशात धंदा थाटताना सोयीचा कायदा निवडणं हा मला गुन्हा वाटत नाही. फ्रेंच व्यापारी लंडनला गेले म्हणून फ्रान्सचा कायदा सुधारला. जिथं न्याय वेळेवर मिळतो तिथं व्यापारी जाणारच, आणि आपली कोर्टं रेंगाळत असतील तर दोष जाणाऱ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण नफा एका गावात न्यायचा आणि जबाबदारी दुसऱ्या गावात सोडून द्यायची, यासाठी जेव्हा पत्ता बदलला जातो, तेव्हा कायदा मोडला नसला तरी काहीतरी मोडलेलं असतं. जीजीभॉय, अमीचंद आणि रोघे यांच्या पेढीला हे जमलं नसतं. त्यांचं देणं घेऊन येणाऱ्याला त्यांचं दार माहीत होतं. आजच्या कंपनीच्या जन्मदाखल्यावर कुठल्याही गावाचं नाव असो, तिच्यामुळे ज्याचं नुकसान झालं त्याला ठोठावता येईल असं एक दार तिच्या घराला असलं पाहिजे, आणि आत कुणीतरी राहत असलं पाहिजे.